डायनॅमिक माइकचा आवाज बारीक, गेन वाढवला की सूंऽऽ: वारंवार परत येणाऱ्या त्रासाचा माग

लक्षणं ठरलेली असतात. नवा डायनॅमिक माइक घरी येतो, जोडून बघितला तर आवाज बारीक. गेनचा, म्हणजे माइकचा आवाज वाढवायचा, नॉब शेवटपर्यंत फिरवला की आवाज येतो, पण त्याच्यामागून सूंऽऽ पण येतं. मग ओबीएसमध्ये (लाइव्ह आणि रेकॉर्डिंगच्या सॉफ्टवेअरमध्ये) नॉइज सप्रेशन, म्हणजे गोंगाट दाबणारा फिल्टर, लावायचं. सूंऽऽ जातं आणि जाताना शब्दांची टोकंही खाऊन जातं. काही दिवस बरं चालतं, मग ऐन लाइव्हमध्ये भूंऽऽ सुरू होतं किंवा आवाज पुन्हा बसतो. खाली कमेंट पडते, ‘आवाज येईना की ओ’. शेवटी निकाल लागतो: माइकच फालतू निघाला, विकून टाकू.

सोलापुरात क्लासवाले, भजनाचे चॅनलवाले, गेम खेळणारी पोरं, मुलाखती घेणारे असे सगळेच आता माइक घेतात आणि बहुतेकांची तक्रार याच चालीवर जाते. माझं मत स्पष्ट आहे: दोष माइकचा निघणं ही सगळ्यात कमी वेळा घडणारी गोष्ट. म्हणून माइकची परीक्षा इथे शेवटी घेतली आहे. आधी बाकीचे आरोपी.

मुळात आवाज बारीक का

डायनॅमिक माइकमध्ये पडद्याला चिकटलेलं तारेचं वेटोळं चुंबकाच्या फटीत हलतं आणि त्यातून वीज तयार होते. बाहेरून वीज द्यावी लागत नाही, पण तयार होते तीही नखभर. १९६६ पासून स्टेजवर असलेला शुअरचा एसएम५८ घ्या. ९४ डेसिबल दाबाच्या आवाजाला तो सुमारे १.८५ मिलिव्होल्ट देतो. पॉडकास्टवाल्यांचा लाडका एसएम७बी तर १.१२ मिलिव्होल्टच. उलट ऑडिओ-टेक्निकाचा एटी२०२० हा साधा कंडेन्सर (बाहेरून वीज लागणारा) माइक तेवढ्याच आवाजाला १४ मिलिव्होल्टच्या आसपास देतो, म्हणजे एसएम५८च्या साडेसात पट. एसएम७बीला किमान ६० डेसिबल गेन लागतो असं शुअरच सांगते. त्यात ९४ डेसिबल हा काही आपल्या बोलण्याचा आवाज नव्हे. एक मीटरवरून साधं बोलणं ६० डेसिबलच्या आसपास असतं.

तेव्हा आवाज बारीक असणं हा बिघाड नाही, ती या माइकची जातच आहे. घोळ होतो तो एका वाक्यामुळे: ‘डायनॅमिक घे, आजूबाजूचं काही ऐकू येत नाही.’ दुकानातही हेच सांगतात, यूट्यूबवरही. ही अर्धीच गोष्ट आहे. हा माइक सगळ्यालाच कमी दाद देतो, तुमच्या आवाजालाही आणि शेजारच्या यंत्रमागालाही. गेन वाढवला की दोघंही सारखेच वर येतात. तुमचा आवाज आणि मागचा गोंगाट यांच्यातलं अंतर खऱ्या अर्थानं बदलतात दोनच गोष्टी, माइक तोंडापासून किती लांब आहे आणि त्याची पाठ कुणीकडे आहे.

अंतर निम्मं केलं की तुमचा आवाज साधारण ६ डेसिबलनं वाढतो. खिडकीबाहेरचा गोंगाट मात्र आहे तिथेच राहतो. ४० सेंटिमीटरवरून ५ सेंटिमीटरवर आलात तर तीनदा निम्मं झालं, म्हणजे १८ डेसिबल फुकट मिळाले. तेवढ्यासाठी लोक हजारो रुपयांचा बूस्टर घेतात. कॅमेऱ्यात माइक दिसू नये म्हणून तो टेबलाच्या टोकाला ठेवायचा आणि मग गेनशी झगडायचं, हा प्रकार मला कधीच समजलेला नाही. दिसू द्या की माइक.

आधी आवाज ओळखा

सूंऽऽ, भूंऽऽ आणि खोलीतला गोंगाट ही तीन वेगवेगळी दुखणी आहेत आणि तिन्हींचं औषध वेगळं. सगळ्यावर एकच नॉइज सप्रेशन लावल्यामुळेच त्रास परत परत येतो.

ऑडॅसिटी किंवा कुठलाही साधा रेकॉर्डर उघडा. सगळे फिल्टर बंद करा. माइक नेहमीच्या अंतरावर, गेन नेहमीचा. अर्धा मिनिट काहीही न बोलता रेकॉर्ड करा. मग तोच माइक जोडलेल्या अवस्थेत सोलापुरी चादरीच्या चार-सहा घड्यांत गुंडाळून कपाटात ठेवा, दार लावा आणि गेनला हात न लावता पुन्हा रेकॉर्ड करा. आता दोन्ही हेडफोनवर ऐका.

कपाटातही सूंऽऽ तेवढंच असेल तर ते इलेक्ट्रॉनिक्सचं आहे, इंटरफेस (माइक कॉम्प्युटरला जोडायचा डबा) किंवा साउंड कार्डाचं. कपाटात भूंऽऽ कायम असेल तर वीज, अर्थिंग किंवा केबल. आणि कपाटात जे गायब झालं ते खोलीतलं होतं: पंखा, कूलर, रस्ता, माग. केबल उपटून ही चाचणी करू नका. उघड्या इनपुटवर प्रीअ‍ॅम्प (माइकचा बारीक आवाज वाढवणारा भाग) स्वतःच जास्त आवाज करतो आणि तुम्ही भलत्यावरच संशय घ्याल.

सूंऽऽ

सगळ्यात वाईट जोडणी म्हणजे एक्सएलआर (तीन पिनांच्या गोल जोडणीच्या) माइकला बारीक पिनची केबल लावून थेट लॅपटॉपच्या जॅकमध्ये घालणं. तो जॅक हेडसेटच्या माइकसाठी बनवलेला असतो, त्याला मिलिव्होल्टभर आवाज पुरत नाही. विंडोजमधला मायक्रोफोन बूस्ट वाढवला की सूंऽऽही तेवढंच वाढतं. लाइव्हसाठी म्हणून मिळणाऱ्या, रंगीत दिव्यांच्या आणि टाळ्या-हशांची बटणं असलेल्या स्वस्त साउंड कार्डांचीही हीच गत. मौजेला ठीक, आवाजाच्या कामाला नाही.

ऑडिओ इंटरफेस असेल तर त्याचा गेन किती ते बघा. फोकसराइटच्या स्कारलेट २आय२च्या तिसऱ्या पिढीत माइकसाठी ५६ डेसिबलचा पट्टा होता, चौथ्या पिढीत तो ६९ झाला. नाव तेच, पण एसएम७बीसाठी फरक मोठा. जुना सेकंडहँड घेताना पिढी विचारा.

मग बूस्टर, म्हणजे क्लाउडलिफ्टर किंवा फेटहेड यांसारखी मधे जोडायची नळी. त्या २५-२७ डेसिबल वाढवतात, त्यांना इंटरफेसमधून ४८ व्होल्ट फँटम (माइकच्या केबलमधूनच दिली जाणारी वीज) लागतं आणि ते फँटम त्या पुढे माइकपर्यंत जाऊ देत नाहीत. गेन कमी पडत असेल तर उपयोग होतो. पण ‘सूंऽऽ पूर्ण जाईल’ या आशेवर घेऊ नका. १५० ओहमच्या माइकमधल्या तारेची स्वतःची उष्णताजन्य कुरकुर सुमारे उणे १३१ डीबीयू (विद्युत पातळीचं माप, उणे आकडा जितका मोठा तितकं शांत) असते, ती कुणालाच टाळता येत नाही. बऱ्या इंटरफेसची कुरकुर उणे १२८च्या घरात असते. म्हणजे चांगल्या इंटरफेसपुढे बूस्टर लावून वाचणार ते दोन-तीन डेसिबल. गचाळ प्रीअ‍ॅम्पपुढे मात्र तोच बूस्टर खूप मोठा फरक पाडतो. आधी जवळ बसून बोला, मग खर्चाचा विचार करा.

ज्यांना हे काहीच नको, त्यांनी यूएसबी आणि एक्सएलआर दोन्ही असलेला डायनॅमिक घ्यावा. सॅमसन क्यू२यू किंवा ऑडिओ-टेक्निकाचा एटीआर२१००एक्स. प्रीअ‍ॅम्प माइकच्या पोटातच असल्यानं जोडणीची निम्मी भांडणं संपतात आणि उद्या इंटरफेस घेतला तरी माइक वाया जात नाही.

भूंऽऽ

आपल्याकडची वीज २३० व्होल्ट, ५० हर्ट्झची. त्यामुळे घुमणारा भूंऽऽ ५० आणि त्याच्या पटीत, १००, १५० हर्ट्झवर येतो. परदेशी व्हिडिओ बघून ६० हर्ट्झवर फिल्टर लावणाऱ्यांचं भूंऽऽ म्हणूनच जात नाही.

पहिली चाचणी फुकट आहे. लॅपटॉपचा चार्जर काढा. भूंऽऽ गेलं तर वाट चार्जर आणि अर्थिंगमधून येते. जुन्या पेठांतल्या घरांत कितीतरी सॉकेटांना तिसरं भोक असतं पण आत वायर नसते. तीन पिनी प्लग दोन पिनीत घुसवायचा अडॉप्टर तर प्रत्येक घरात एक असतोच. वायरमनला बोलवा आणि अर्थिंग मोजून घ्या. भूंऽऽ घालवण्यासाठी प्लगची अर्थ पिन कापून टाका असा सल्ला काहीजण देतात. ऐकू नका, शॉक लागून जीव जाऊ शकतो.

‘हिवाळ्यात नव्हतं, मेमध्ये आलं, पाऊस पडल्यावर गेलं’ असं असेल तर भुताटकी समजू नका. अर्थिंगचा खड्डा कोरडा पडला की मातीचा विरोध वाढतो. सोलापूरचा उन्हाळा आणि इथली जमीन बघता हे घडायला वेळ लागत नाही. खड्ड्यात पाणी घालायची जी जुनी पद्धत आहे ती उगाच नाही. भूंऽऽ तर एक बाजूला, घरातल्या माणसांसाठीसुद्धा ते पाणी घाला.

लाइट गेल्यावरच आवाज येत असेल तर इन्व्हर्टर बघा. स्वस्त इन्व्हर्टर चौकोनी लाट देतात आणि तिच्या चढ्या पटींचा चरचराट थेट ऑडिओत उतरतो. साइन वेव्ह इन्व्हर्टर असेल तर हा त्रास कमी. नाहीतर लाइट नसताना लॅपटॉप बॅटरीवरच चालवा, चार्जर इन्व्हर्टरला लावू नका. पंख्याचा गोल फिरणारा इलेक्ट्रॉनिक रेग्युलेटरही असाच चरचर करतो. पंखा पूर्ण वेगावर नेल्यावर चरचर गेली तर चोर सापडला, त्याजागी पायऱ्यापायऱ्यांनी फिरणारा, कपॅसिटरवाला रेग्युलेटर बसवा.

आता डायनॅमिकची खास खोड. आत तारेचं वेटोळं असल्यामुळे जवळच्या ट्रान्सफॉर्मरचं चुंबकीय क्षेत्रही तो पकडू शकतो. माइक हातात घेऊन हळूहळू फिरवा. एका दिशेला भूंऽऽ वाढत असेल आणि दुसऱ्या दिशेला मरत असेल तर जवळ कुठेतरी अडॉप्टर, स्टॅबिलायझर किंवा अ‍ॅम्प्लिफायर बसलेला आहे. त्याला हातभर लांब सरकवा. मोबाइल टूजीवर असेल तर टर्र-टर्र असा आवाज येतो, जीएसएमच्या २१७ हर्ट्झच्या ठोक्यांचा. फोन माइकपाशी ठेवूच नका.

एवढं करून उरलं तर केबल. संतुलित एक्सएलआर केबलमध्ये पिन २ आणि ३ वर आवाज उलटसुलट धावतो आणि वाटेत शिरलेला भूंऽऽ दोघांत सारखाच असल्यानं शेवटी वजा होतो. यातली एक तार तुटली की आवाज पातळ होतो, पातळी पडते आणि भूंऽऽ मोकळा होतो. तार अर्धवट तुटलेली असली की कधी चालते, कधी नाही. ‘परत परत येणारा’ बिघाड म्हणतात तो पुष्कळदा हाच. मल्टिमीटर बीपवर ठेवा, १ ला १, २ ला २, ३ ला ३, आणि तपासताना केबल टोकांपाशी वाकवत राहा. बीप तुटली की सोल्डर मारून घ्या. मंडपवाल्यांकडच्या मोठ्या जाड पिनच्या केबलींमध्ये ही वजाबाकीच नसते, दोनच वाहक असतात. दहा-पंधरा फुटांपर्यंत चालून जातं, पण अशा केबलवर फँटम मात्र देऊ नका. सरळ संतुलित जोडणीत फँटम डायनॅमिकला काही करत नाही, चुकीच्या जोडणीत ते वेटोळ्यातून प्रवाह ढकलू शकतं.

माग, कूलर आणि रस्ता

सोलापूरच्या पूर्व भागात, म्हणजे मागांच्या वस्तीत, राहणाऱ्यांना हे वेगळं सांगायला नको. भिंतीपलीकडे पॉवरलूम चालू असेल तर खडखडाट हवेतून येतो आणि भिंतीतून, फरशीतून, टेबलाच्या पायातूनही येतो. हवेतल्याशी लढायला अंतर आणि दिशा. जमिनीतून येणाऱ्याशी लढायला वेगळी तयारी: स्टँड टेबलावर न ठेवता बूम आर्म किंवा जमिनीवरचा स्टँड, खाली फोमचा जाड तुकडा, आणि इंटरफेसवर किंवा ओबीएसमध्ये वेगळं प्लगइन जोडून ८० ते १०० हर्ट्झच्या खालचं कापणारा हाय-पास फिल्टर. बोलण्यातलं त्यानं फारसं जात नाही, धडधड मात्र बरीच जाते.

दिशेचं गणित माइकवर अवलंबून. कार्डिऑइड, म्हणजे एसएम५८सारखा माइक, बरोबर पाठीमागून येणारं सगळ्यात कमी ऐकतो. समोरचा आणखी अरुंद पट्टा ऐकणारा सुपरकार्डिऑइड पाठीमागून थोडं ऐकतो, त्याचा बहिरा कोन पुढच्या दिशेपासून सुमारे १२५ अंशांवर, म्हणजे मागच्या दोन्ही बाजूंना असतो. खिडकी किंवा कूलर त्या बहिऱ्या कोनात येईल अशी खुर्ची फिरवा. लोक माइक फिरवतात, खुर्ची कुणी फिरवत नाही. आणि माइकची जाळी मुठीत धरून बोलू नका, गायक कितीही तसं करोत. जाळीची मागची बाजू झाकली की माइकला दिशाच राहत नाही.

एप्रिल-मेमध्ये पंखा बंद करा असं मी सांगणार नाही. चाळीसच्या वर पारा असताना बंद खोलीत तासभर लाइव्ह करणाऱ्याचा आवाज तसाही निघणार नाही. कूलर दुसऱ्या खोलीत, दार अर्धं उघडं, हवा पाठीवर येईल असं बसा. वारा जाळीवर थेट आला तर फडफड होते, त्याला फोमची टोपी.

चादरीचं एक सांगून टाकतो, कारण इथे प्रत्येकाच्या घरात गठ्ठाभर असतात. भिंतीला चादरी लावून खोली साउंडप्रूफ होत नाही. मागाचा आवाज त्या अडवणार नाहीत. त्या खोलीतला घुमारा कमी करतात, तोही मुख्यतः वरच्या पट्टीतला. दुहेरी घडी घालून, भिंतीपासून वीतभर अंतर सोडून, तुमच्या तोंडासमोर येणाऱ्या भिंतीवर टांगल्या तर फरक कळतो. भिंतीला चिकटवून खिळे ठोकलेत तर शोभा तेवढी होते.

कॉम्प्युटरवर ठीक, मोबाइलवर गायब

हा प्रकार कमी लोकांना माहीत आहे आणि डोकं खातो. हेडफोनवर आवाज मस्त, जरा पसरलेला. प्रेक्षकाच्या मोबाइलच्या एका स्पीकरवर मात्र माणूस गायब आणि मागचं संगीत तेवढं चालू. कारण एक्सएलआर ते स्टीरिओ पिनच्या चुकीच्या केबलमध्ये पिन २ डाव्या बाजूला आणि पिन ३ उजव्या बाजूला जोडलेली असते. दोन्हीकडे एकच आवाज, पण उलटा. मोनो झाला की डावं अधिक उजवं बरोबर शून्य. घाईत असाल तर ओबीएसमध्ये प्रगत ऑडिओ सेटिंगमध्ये बॅलन्स पूर्ण एका बाजूला सरकवा आणि मग त्या माइकवर मोनो लावा. पक्का उपाय केबल बदलणं हाच.

सेटिंग आपोआप बदलतात तेव्हा

काल बरोबर होतं, आज बसलं, मधे कुणी हात लावला नाही. असं असेल तर झूमसारख्या अ‍ॅपमध्ये माइकची पातळी आपोआप जुळवायची सोय चालू आहे का बघा. एक मीटिंग झाली की ती विंडोजमधली पातळी खाली ओढून ठेवते आणि संध्याकाळच्या लाइव्हमध्ये तुम्ही गेन शोधत बसता. ती बंद करा. विंडोजच्या अपडेटनंतर मूळ माइक म्हणून लॅपटॉपचाच माइक निवडला गेलेला असतो, हेही नेहमीचंच. माइकच्या जाळीवर नखानं हळूच खरवडा. मीटर उडी मारत नसेल तर तुम्ही भलत्याच माइकमध्ये बोलताय. सँपल रेट (सेकंदाला आवाजाचे किती नमुने घ्यायचे ते) सगळीकडे ४८ किलोहर्ट्झ ठेवा.

ओबीएसचं नॉइज गेट (ठराविक पातळीखालचा आवाज बंद करणारा फिल्टर) मूळ सेटिंगवरच लावलं तर ते उणे २६ डेसिबलला उघडतं आणि उणे ३२ला मिटतं. हळू बोलणाऱ्याची वाक्यांची शेपटं त्यात कापली जातात, मराठीत वाक्याचं क्रियापद शेवटी येतं आणि नेमकं तेच जातं. आधी पातळी जमवा. साधं बोलताना मीटर पिवळ्या पट्ट्यात, म्हणजे उणे २० ते उणे ९ च्या दरम्यान खेळला पाहिजे, हसताना-ओरडतानाच लाल. मग गरज उरली तर गेट, तेही गोंगाटाच्या जरासं वर. नॉइज सप्रेशन शेवटी आणि कमीत कमी.

आता माइकची परीक्षा

एवढं सगळं मार्गी लागल्यावर माइकबद्दल बोलण्यात अर्थ आहे. इंग्रजी चाचणी वाक्यं टाकून द्या. मराठीत हवा फेकणारी अक्षरं भरपूर आहेत, फ, भ, ख, ठ, थ, ध, आणि माइकचा पडदा तिथेच धडपडतो. मी सोलापूरच वाचायला लावतो: ‘फौजदार चावडीपासून भवानी पेठ, बाळीवेस, मग साखर पेठ, शनिवार पेठ आणि सात रस्ता.’ पहिल्या भागात फ आणि भ वर धप्प होतंय का बघायचं, दुसऱ्यात स आणि श शिट्टी मारतायत का. धप्प होत असेल तर माइक तोंडाच्या सरळ रेषेतून जरा बाजूला, ओठांच्या कोपऱ्याकडे घ्या आणि तिथून तोंडाकडे रोखा. अंतर तेच, हवा मात्र शेजारून निघून जाते.

हेच वाक्य दोन बोटांवरून, वीतभरावरून आणि हातभरावरून बोला. दिशा असलेल्या माइकजवळ गेलं की खर्ज फुगतो. भारदस्त आवाजाची हौस असणाऱ्यांना ते आवडतं, पण आधीच जाड आवाजाच्या माणसाचा शब्द त्यात बुडतो. मग माइकच्या भोवती फिरत बोला. बाजूला गेल्यावर आवाज नुसता कमी झाला तर माइक चांगला. कमी होता होता डबड्यासारखा, वेगळाच व्हायला लागला तर खोलीतला घुमारा तो तसाच रंगवणार. शेवटी माइक हातात घेऊन मूठ सरकवा. स्टँडवर वापरणार असाल तर ही चाचणी सोडा.

रेकॉर्डिंग दुसऱ्या दिवशी ऐका, आणि तुमच्या स्टुडिओतल्या हेडफोनवर नाही, प्रेक्षक ऐकतो तशा मोबाइलच्या स्पीकरवर. दोन माइक शेजारी ठेवून तुलना करत असाल तर आधी दोघांची पातळी सारखी करा. मोठा वाजतो तोच कानाला चांगला वाटतो.

एसएम५८ घेणाऱ्यांना एक सावधगिरी: याच्या नकला बाजारात उदंड आहेत. खऱ्याचं वजन २९८ ग्रॅम, सोनाराकडे किंवा किराणा दुकानात वजन करून बघा. हलका भरला तर विषय संपला.

आणि जुना माइक हळूहळू मंद, दबका वाजायला लागला असेल तर टाकायच्या आधी जाळी फिरवून काढा. पूर्व भागात तर तिच्या आतल्या फोमवर सुताचा तूस, धूळ आणि बोलताना उडालेली थुंकी यांचा थर बसतो, आणि वरच्या पट्टीतला आवाज तिथेच अडतो. जाळी कोमट पाण्यात साबण घालून धुवा, एक दिवस सावलीत पूर्ण वाळवा, मग लावा. खाली उघड्या पडलेल्या पडद्याला पाणी, ब्रश, फुंकर काहीही लावू नका. तोवर त्यावर स्वच्छ कोरडा रुमाल झाकून ठेवा, आणि लोखंडाचा कीस उडतो अशा टेबलावर तर मुळीच ठेवू नका. चुंबक तो ओढून घेतो आणि मग खरोखरच नवा माइक घ्यावा लागतो.